देवाची ओढ आणि दारातील माणसे

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंमुळे ज्या माउलीची रविवारची मिस्सा चुकते, तिला आम्ही धर्मगुरू चटकन सांगून मोकळे होतो, ‘बाई, सेवा हीच प्रार्थना.’ हे खरे आहे, पण अर्धेच. तिच्या मनातील वेदीची ओढ या वाक्याने शमत नाही, आणि ती शमूही नये.

संत ऑगस्टिनांना ही ओढ ठाऊक होती. मठासाठी जागा पाहावी म्हणून ३९१ साली ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरात गेले, तर तेथील भाविकांनी त्यांना धरून धर्मगुरूच केले. त्यांना रडू कोसळले. पुढे बिशप झाल्यावर लोकांचे तंटे ऐकण्यात त्यांचे तासन् तास जात. जमीनजुमला, वारसा, भाऊबंदकी (आपल्याकडील कज्जे काही निराळे नाहीत!). रोज ठरावीक वेळ हाताने काम करावे, वाचावे, प्रार्थना करावी, हे आपल्याला कितीतरी अधिक आवडले असते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही त्यांनी दार लावून घेतले नाही. आम्हांला वाटते, ती ओढ जिवंत होती म्हणूनच तंटेखोरांतही त्यांना देवाची लेकरे दिसत राहिली. ओढ विझली की सेवेची नोकरी व्हायला वेळ लागत नाही.

४३० साली व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलेला असताना ते आजारी पडले. पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन त्यांनी ती बिछान्याजवळच्या भिंतीवर लावविली. वैद्य आणि जेवण आणणारे यांच्याखेरीज कुणी आत येऊ नये, अशी विनंती केली. ३९ वर्षांच्या सेवेनंतर त्यांना असे सुमारे दहा दिवस मिळाले.