पुढची रांग

पालमच्या एका गल्लीत एक म्हातारी राहायची. तरुणपणी ती तमाशाच्या एका लहान फडात नाचलेली. नळाला पाणी आलं की बायका तिला हाक मारत, हळदीकुंकवाला मात्र कुणी बोलवत नसे.

शेजारच्या सातवीतल्या मुलीने शाळेच्या गॅदरिंगसाठी लावणी बसवायला घेतली. मोबाइल समोर ठेवून सराव चालायचा. एका संध्याकाळी म्हातारीला राहवेना. "पोरी, पाय आपटू नको. चाळ बांधलेत ना, मग त्यांना बोलू दे."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी तिच्याच ओट्यावर जाऊ लागली. "आज्जी, तुमच्या वेळी सगळ्यात भारी कोण होतं?"

म्हातारीने आधी कानाची पाळी धरली, मग नाव घेतलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेली ही मुलगी वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या फडातच वाढली. आवाज असा, अदाकारी अशी, की गावोगावच्या जत्रा तिच्यासाठी जाग्या राहत. दिवस भरलेले असताना एका रात्री नाचता नाचता कळा सुरू झाल्या. ती आत गेली, बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि राहिलेला खेळ करायला पुन्हा बाहेर आली. हा प्रसंग महाराष्ट्र आजही कौतुकाने सांगतो. त्या बाईच्या हिमतीला तोड नाहीच. पण बाळंतिणीला तसं परत यावं लागलं, हे सांगताना आपल्याला चटका बसायला हवा. १९६२ च्या युद्धात ती सीमेवरच्या जवानांपुढे नाचली. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तरी अखेरचे दिवस हलाखीतच गेले. २००२ च्या जानेवारीत ती गेली. तिच्या नावाचा सरकारी पुरस्कार सुरू झाला तो त्यानंतर.

"दोनदा बक्षीस मिळालं, तरी गरिबी काहून?" मुलीने विचारलं.

"बक्षीस भिंतीला टांगता येतं, लेकरा. चूल रोज पेटवावी लागते."

गॅदरिंगच्या दिवशी पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. म्हातारी मागे भिंतीला टेकून उभी होती. मुलगी स्टेजवर आली, पण नाचेना. माइकजवळ जाऊन म्हणाली, "मला शिकवणाऱ्या आज्जी मागं उभ्या आहेत. त्यांना पुढं बसवा, मग नाचते."

मांडवात कुजबुज झाली. मुलीचे वडील रागाने उठले, लेकीकडे पाहिलं आणि क्षणभर घोटाळले. मग स्वतःचीच खुर्ची उचलून त्यांनी पहिल्या रांगेत नेऊन ठेवली. "या, मावशी."

म्हातारी पुढे आली, पण खुर्चीत बसली नाही. "मला त्या ढोलकीवाल्याजवळ बसू द्या," ती म्हणाली. "पोरगं घाई करतंय, लेकीचा ताल चुकंल."