नोंद नाही आणि नाही

नरखेड तालुक्यात एखाद्या संत्र्याच्या बगीच्याजवळ उभं राहून विचारावं, ‘हा कोण करते?’ उत्तर बरेचदा असं येतं : ‘मालक नागपूरले रायते, करते दुसराच.’

हाच प्रश्न संगणकाला एसक्यूएलमध्ये एका तऱ्हेनं विचारतात, जावात दुसऱ्या, पायथनमध्ये तिसऱ्या. या तऱ्हांमधला समान गाभा वेगळा काढणं हे माझं काम. प्रश्नाचं एक झाड करायचं. पानांच्या जागी तक्ते, फांद्यांवर अटी, मुळाशी उत्तर. (संगणकातली झाडं उलटी, मूळ वर!) हे झाड कुठल्याच भाषेचं नसतं, ज्या-त्या डेटाबेससाठी त्याचं भाषांतर होतं. यामागचं गणित एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलं. २००७मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘लिंक’नं अशी झाडं थेट प्रोग्रामिंगच्या भाषेत आणली.

याला आम्ही ‘भाषा-तटस्थ’ म्हणतो. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. पण पानं तर तक्त्यांचीच आहेत, आणि तक्ते कुणीतरी भरलेले किंवा न भरलेले असतात.

सातबाऱ्यावर कुळाच्या नावाला जागा आहे. ती बहुधा रिकामी, कारण ठेका तोंडी असतो. विदर्भाला १९५८चा स्वतंत्र कूळ कायदा आहे. कसणाऱ्याचं नाव एकदा कागदावर चढलं की तो हक्क सांगेल, अशी मालकाला धास्ती. म्हणजे ज्या कायद्यानं कसणाऱ्याला राखायचं, त्याच्याच भीतीनं त्याचं नाव गळतं. मग माझं निर्दोष झाड उत्तर आणतं : शून्य ओळी. गारपिटीनंतर मदतीची यादी अशाच उत्तरांवरून निघते.

तक्त्यात नाही ते खोटं, असं धरून चालण्याला रेमंड रायटर यांनी १९७८ साली ‘बंद जगाचं गृहीतक’ म्हटलं. विमानाच्या आरक्षणाला ते शोभतं. शेताला नाही. एसक्यूएलमध्ये ओळीतली किंमत माहीत नसेल तर ‘नल’ लिहिता येतं. अख्खी ओळच राहून गेली असेल तर लिहायला काहीच नाही. ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून माझं मत असं, की झाडाच्या प्रत्येक पानावर ‘हा तक्ता पूर्ण आहे का’ हेही लिहिलेलं असावं, आणि नसेल तर उत्तर ‘नोंद नाही’ असंच यावं. ओळी कोणत्या हव्यात ते प्रश्न विचारणारा ठरवेल. पण शून्याचा अर्थ झाड बनवणाऱ्यानं मोघम ठेवू नये. यानं काम वाढतं, आणि असलं उत्तर कुणालाच आवडत नाही.

एक अडचण तरीही उरते. ‘नोंद नाही’ वाचून उद्या कुणी नोंद करायला बगीच्यात गेलंच, तर पुढच्या वर्षीचा ठेका जाईल या भीतीनं करणाराच म्हणेल, ‘माह्यं नाव नोको टाकू, भाऊ.’