गोल कोणी खाल्ला?

हॉकीच्या प्रेक्षकाला सर्वनामं शिकवावी लागत नाहीत. सामना जिंकला की तो म्हणतो, ‘आपण जिंकलो.’ हरला की म्हणतो, ‘हे लोक हरले.’ आणि शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्यात गेला की म्हणतो, ‘त्याने खाल्ला.’ अकरा खेळाडू, बाकावरचे राखीव, प्रशिक्षक आणि स्टँडमधले काही हजार लोक, इतक्या सगळ्यांचा मिळून झालेला पराभव एका क्षणात एकवचनी होतो. तो एक माणूस अंगावर आठ-दहा किलोचं चिलखत चढवून गोलपोस्टपाशी उभा असतो. हेल्मेटमुळे त्याचा चेहराही दिसत नाही. हसण्यासाठी याहून सोयीचा माणूस सापडणं कठीण.

मला इथे त्या हसण्याचाच विचार करायचा आहे. आपल्याच संघातल्या माणसावर हसण्याचा हक्क आपल्याला कुठून मिळतो, आणि तो कुठपर्यंत पुरतो? प्रश्न किरकोळ वाटेल. पण घरात, कचेरीत, राजकारणात आपण दुसऱ्याच्या चुकीशी जसे वागतो, त्याची तालीम बऱ्याचदा अशा बिनमहत्त्वाच्या जागीच झालेली असते.

चेन्नईत ही तालीम करायला एग्मोरचं मेयर राधाकृष्णन स्टेडियम आहे. 1996 आणि 2005 ची चॅम्पियन्स ट्रॉफी इथे झाली, 2007 चा आशिया कपही इथेच. त्या आशिया कपच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला 7-2 असं हरवलं. पुढच्या मार्चमध्ये चिलीतल्या सँटियागोला ब्रिटनकडून 0-2 अशी हार झाली आणि 1928 पासून प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला गेला नाही. अशा वेळी चाहत्याला विनोदाशिवाय आधार नसतो. शून्य गोल खाण्याचे दोन मार्ग आहेत, असं तेव्हा म्हणता येत होतं. एक 1956 च्या मेलबर्नचा, जिथे भारताने 38 गोल केले आणि एकही खाल्ला नाही. दुसरा 2008 च्या बीजिंगचा, जिथे एकही गोल खाल्ला नाही कारण गेलोच नाही. पुढे 2012 मध्ये लंडनला गेलो आणि बारा संघांत बारावे आलो, तेव्हा बीजिंगची कामगिरी एकदम बरी वाटू लागली.

या विनोदात कुणाला लागेल असं काही नाही. तो ‘आपण’मध्ये केलेला आहे, आणि सांगणारा त्यात स्वतःलाही धरतो.

इथे चेन्नईत राहण्याचा एक फायदा सांगायला हवा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा फरक दिसत नाही, इंग्रजीत तर नाहीच. तमिळमध्ये मात्र तो आहे: ‘नाङ्गळ्’ म्हणजे आम्ही, ‘नाम्’ म्हणजे आपण. मराठीत हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आला किंवा टिकला, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. बोलण्यात ‘नाम्’चं ‘नम्म’ होतं. ‘नम्म चेन्नई’ म्हणजे आपलं चेन्नई, ‘नम्म आळु’ म्हणजे आपला माणूस. भाषांतर करताना बाकी शंभर ठिकाणी अडणारी मी इथे अडत नाही. ‘आपला माणूस’ हा शब्दप्रयोग दोन्ही भाषांत तेच काम करतो. तो माणसाला घरात घेतो, आणि कधी घराबाहेर काढायचं हेही आपल्याच हातात ठेवतो.

2023 च्या ऑगस्टमध्ये एग्मोरला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध मध्यंतराला 1-3 असा मागे होता. स्टँडमध्ये ‘नम्म’ कमी झालं होतं, ‘अवन्’ म्हणजे ‘तो’ वाढला होता. त्या स्पर्धेत भारताकडे पी. आर. श्रीजेश आणि कृष्णबहादूर पाठक असे दोन गोलकीपर होते आणि ते आलटून पालटून खेळत. त्यामुळे टोमणा मारणाऱ्याची पंचाईत होई. तोंड उघडण्याआधी पोस्टमध्ये नक्की कोण आहे हे पाहावं लागे, आणि चिलखतात दोघंही सारखेच. शेवटी भारत 4-3 असा जिंकला आणि सगळे पुन्हा ‘नम्म’ झाले. खाल्लेले तीन गोल कुणाच्याच नावावर राहिले नाहीत.

यातला अन्याय लक्षात घ्यायला हवा. फॉरवर्डने चार संधी घालवल्या तरी पाचवीवर गोल केला की तो नायक. गोलकीपरने नऊ फटके अडवले आणि दहावा सुटला तर त्याच्या नावावर तो दहावाच. घडलेला गोल दिसतो. न घडलेल्या गोलाचा फलकावर आकडा नसतो. शिवाय इतरांच्या चुकीच्या मागे कुणीतरी उभं असतं, हाफच्या चुकीमागे फुलबॅक, फुलबॅकच्या चुकीमागे गोलकीपर. गोलकीपरच्या मागे फक्त जाळं. चेंडू तिथे पोचेपर्यंत मैदानभर चार-पाच जणांनी आपापली चूक करून ठेवलेली असते, पण पावती शेवटच्या खिडकीवर फाटते.

तत्त्वज्ञानात याच्या जवळचा एक प्रश्न थॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स यांनी 1976 मध्ये ‘नैतिक नशीब’ या नावाने मांडला. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टींवरून आपण त्याचा न्याय करतो, आणि तसा न्याय करणं चूक आहे हेही आपल्याला पटतं, मग याचं करायचं काय? उदाहरणासाठी मला शंकर लक्ष्मण पुरे आहेत. महूचा हा माणूस लष्कराच्या बँडमध्ये भरती झाला आणि पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. सलग तीन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यांत भारताच्या गोलमध्ये तोच होता, आणि तिन्ही वेळा समोर पाकिस्तान. 1956 मध्ये 1-0 जिंकलो, 1960 मध्ये 0-1 हरलो, 1964 मध्ये पुन्हा 1-0 जिंकलो. तीन अंतिम सामन्यांत मिळून त्याने एक गोल खाल्ला, आणि त्या एका गोलाने 1928 पासून चालत आलेली सुवर्णपदकांची माळ तुटली. माणूस तोच, पाय तेच. रोमचा लक्ष्मण मेलबर्नच्या लक्ष्मणपेक्षा कमी प्रामाणिक होता असं कुणी म्हणणार नाही. पण पदकाच्या धातूवरून आपण माणसाचं मोल ठरवतोच.

नशिबाची उलटी बाजूही आहे. 1956 च्या त्याच संघातला दुसरा गोलकीपर मद्रासचा रंगनाथन फ्रान्सिस. 1948, 1952, 1956 अशी तीन सुवर्णपदकं या शहरातल्या माणसाच्या घरी आली, आणि आज एग्मोरच्या स्टँडमध्ये त्याचं नाव घेतलं तर बहुतेक माना वळणार नाहीत. मेलबर्नला भारताने अफगाणिस्तानला 14 आणि अमेरिकेला 16 गोल मारले. अशा सामन्यात गोलकीपर काय करत असेल? 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा किस्सा सांगतात की, भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं त्यातला तो एक गोल झाला तेव्हा गोलकीपर रिचर्ड अ‍ॅलन प्रेक्षकांना सह्या देत होता. किस्सा खरा असो वा रचलेला, तो सांगताना कुणी अ‍ॅलनवर चिडत नाही. 24 गोलांची श्रीमंती असली की एका गोलाची थट्टा परवडते.

गरिबीत काय होतं ते 1 डिसेंबर 1982 ला दिल्लीत दिसलं. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पहिला गोल भारताचा होता. त्यानंतर पाकिस्तानने सात केले. गोलमध्ये मीर रंजन नेगी होते. ‘खराब खेळला’ इथपर्यंत खेळाची भाषा होती. पण ती तिथे थांबली नाही, ‘विकला गेला’ इथवर गेली. ही दोन वाक्यं एकाच वाक्याच्या सौम्य आणि तिखट आवृत्त्या नव्हेत. पहिलं वाक्य माणसाच्या त्या दिवसाबद्दल बोलतं, दुसरं त्याच्या आत शिरून हेतू शोधून काढतं, तेही पुराव्याशिवाय. सात गोल एका माणसाच्या गुन्ह्याने झाले असं ठरलं की बाकी दहा जण, संघ निवडणारे आणि स्टँडमधले आपण सगळे सुटतो. ‘आपण हरलो’ हे वाक्य उच्चारायची वेळच येत नाही.

नेगी परत आले. 1998 मध्ये बँकॉकला धनराज पिल्लेच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तेव्हा आशिष बल्लाळने टायब्रेकमध्ये कोरियाचे फटके अडवले. त्या संघाच्या गोलकीपरना शिकवणारे नेगी होते. 2002 मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबरही ते होते. 2007 च्या ‘चक दे इंडिया’ची कथा लोकांनी त्यांच्या आयुष्याशी जोडली आणि चित्रपटातल्या मुलींना हॉकी शिकवलीही त्यांनीच. पण पडद्यावरचा कबीर खान गोलकीपर नाही, पेनल्टी स्ट्रोक चुकवणारा फॉरवर्ड आहे. कलंक धुऊन काढायचा तरी नायक फॉरवर्डच हवा! गोलकीपरला शाहरुख खानच्या चेहऱ्यावरही हेल्मेट चढवावं लागलं असतं, हे मान्य.

यावर कुणी म्हणेल, आरोप वेगळा आणि विनोद वेगळा. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन टोमणे मारण्याचीही परवानगी नसेल तर त्याने देवळात जावं. हे म्हणणं मला बरंचसं मान्य आहे. गंभीर चेहऱ्याने पाहिलेला खेळ हा खेळ राहत नाही. खेळाडूही स्वतःवर हसतात. धावायचा कंटाळा म्हणून गोलकीपर झालो, असं श्रीजेश स्वतःच सांगतो. पण मराठीने या प्रांतात जे बारीक भेद करून ठेवले आहेत ते वापरायला काय हरकत आहे? थट्टा, चेष्टा, टिंगल, कुचेष्टा. इंग्रजीत नेताना हे चारही शब्द एका पिशवीत कोंबावे लागतात, पण मराठी घरात वाढलेल्या कुणालाही त्यांतलं अंतर कळतं. थट्टेला नातं लागतं. दीर-भावजयीचं, मेहुण्यांचं, आजोबा-नातवंडांचं नातं थट्टेचं असतं. त्या नात्यात वाटेल ते बोलता येतं, कारण अडीनडीला धावून जाण्याची जबाबदारीही त्याच नात्यात असते. लग्नात भावजयीला छळणारा दीरच दवाखान्यात रात्रभर बसतो. कुचेष्टेला असं काही लागत नाही, लांबूनही करता येते.

मग चाहत्याची परीक्षा सोपी आहे. हसण्याचा हक्क तिकिटाने मिळत नाही, पराभवातला वाटा उचलल्याने मिळतो. गोलकीपरची थट्टा त्याने करावी, जो त्याचे अडवलेले फटकेही मोजतो आणि सामना संपल्यावरही त्याला ओळखतो. या परीक्षेत आपला निकाल काही बरा नाही. शंकर लक्ष्मण 2006 मध्ये महूला वारले. अखेरचे दिवस आजारपणात आणि पैशाच्या ओढाताणीत गेले. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचा गोलकीपर मॅन्युएल फ्रेडरिक याला ध्यानचंद पुरस्कार मिळाला 2019 मध्ये, म्हणजे 47 वर्षांनी. 2009 मध्ये पुण्यात बालेवाडीला सराव करताना गोल्फचा चेंडू गोलकीपर बलजित सिंगच्या डोळ्याला लागला आणि त्याची कारकीर्द संपली. पाठक टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकना राखीव गोलकीपर म्हणून गेला. त्याच्यावर हसायची संधीही कुणाला मिळाली नाही. या सगळ्यांच्या बाबतीत ‘आपण’ हे सर्वनाम फारसं ऐकू आलं नाही.

टोकियोत 5 ऑगस्ट 2021 ला श्रीजेशने जर्मनीविरुद्ध चार गोल खाल्ले होते. सामना संपायला काही सेकंद उरले असताना पेनल्टी कॉर्नर अडवला, भारत 5-4 जिंकला, 41 वर्षांनी पदक आलं, आणि ते चार गोल कुणाला आठवत नाहीत. आठवू नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट, आठवावेत. चार गोल खाऊनही पाचवा अडवायला तो उभा राहिला, यातच त्याच्या कामाचं स्वरूप कळतं. गोलकीपरला मागचा गोल विसरून खेळावं लागतं. चाहत्याने तो लक्षात ठेवूनही माणसाला आपला म्हणावं, एवढीच मागणी आहे.

2025 च्या डिसेंबरमध्ये ज्युनियर विश्वचषकासाठी श्रीजेश प्रशिक्षक म्हणून चेन्नईत आला. उपांत्यपूर्व सामन्यात बेल्जियमविरुद्ध शूटआउटमध्ये प्रिन्सदीप सिंगने फटके अडवले आणि तो एका रात्रीत ‘नम्म आळु’ झाला. दोन दिवसांनी उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला पाच गोल मारले. पोरं विशी-एकविशीच्या आतली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध 0-2 मागे पडूनही तीच पोरं 4-2 अशी जिंकली. त्या मधल्या दोन-तीन दिवसांत, कांस्य अजून मिळालेलं नसताना, कोण काय म्हणत होतं ते महत्त्वाचं. मराठीत ‘त्याने गोल खाल्ला’ आणि ‘आपण गोल खाल्ला’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद तेच राहतं. ते गोलाप्रमाणे चालतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. पाच गोल खाल्लेल्या रात्री घरी जाताना दुसरं वाक्य म्हणता आलं, तर पुढच्या सामन्याला खुशाल मनसोक्त थट्टा करावी.