हौसेला मोल असते काय?

‘हौसेला मोल नसते’ ही म्हण आपल्या घराघरांत बोलली जाते. बहुधा ती खर्च होऊन गेल्यावर बोलली जाते, आणि बोलणाऱ्याच्या मनात थोडी रुखरुख असते. म्हणीचा सरळ अर्थ असा, की जिव्हाळ्याच्या गोष्टीपायी किती पैसे पडले हे मोजत बसू नये. परंतु हा उपदेश नीतीच्या कसोटीवर कितपत टिकतो? जे आपण मोजत नाही, तेही कोणाला तरी द्यावेच लागते. ते कोण देते, हा प्रश्न आम्हांला येथे विचारावयाचा आहे, आणि त्यासाठी एका मोटारीचे उदाहरण घ्यावयाचे आहे.

आमचा भाचा वसईहून इंग्लंडला गेला, त्याला आता बरीच वर्षे झाली. बर्मिंगहॅमजवळच्या एका गावात तो, त्याची पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी असे त्रिकोणी कुटुंब राहते. तो अभियंता, ती रुग्णालयात परिचारिका. दारात रोजच्या वापराची एक साधी मोटार उभी असते. घरामागच्या भाड्याच्या गॅरेजमध्ये आणखी एक मोटार असते, आणि ती त्याची हौस. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या बहिणीसोबत त्याच्याकडे महिनाभर राहिलो, तेव्हा ह्या दुसऱ्या मोटारीचा परिचय झाला.

स्पोर्ट्स कार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोट्यवधी रुपयांच्या इटालियन गाड्या येतात. ही त्यांतली नव्हे. माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनांची, कापडी छताची छोटी जपानी गाडी १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. साठच्या दशकातील लोटस एलानसारख्या हलक्याफुलक्या ब्रिटिश गाड्यांचा आनंद सामान्य नोकरदाराला परवडावा, हा तिच्या निर्मात्यांचा हेतू होता. पहिल्या पिढीतील ह्या गाडीचे वजन एका टनाहून कमी, इंजिन १.६ लिटरचे, आणि दिवे असे, की कळ दाबताच झोपलेल्या माणसाने डोळे उघडावेत तसे बॉनेटमधून वर येतात. गाडी आणि चालक ह्यांच्यातील नाते सांगण्यासाठी तिच्या अभियंत्यांनी ‘जिन्बा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग वापरला. घोडा आणि स्वार एकजीव होणे, असा त्याचा अर्थ. २०१६ साली ह्या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. तेव्हा ही हौस मूठभर श्रीमंतांची नव्हे. पगारावर जगणाऱ्या माणसांची आहे. म्हणूनच तिचा नैतिक विचार करण्याजोगा आहे. श्रीमंताच्या हौसेवर टीका करणे सोपे असते, कारण ती आपल्याला लागू पडत नाही.

गाडी घेताना भाच्याला फारसे पैसे पडले नाहीत. परंतु हत्ती घेणे आणि हत्ती पोसणे ह्यांत अंतर असते. तो एका जाड वहीत गाडीचा सारा जमाखर्च लिहितो. ती वही त्याने आमच्यापुढे ठेवली, आणि आम्ही ती एखाद्या चरित्रग्रंथासारखी वाचली. पहिली नोंद रस्ताकराची. ब्रिटनमध्ये मार्च २००१ पूर्वी नोंदल्या गेलेल्या गाड्यांचा कर इंजिनच्या आकारावरून ठरतो आणि सीमारेषा १,५४९ घन सेंटिमीटरवर आखलेली आहे. हे इंजिन सुमारे १,६०० घन सेंटिमीटरचे. म्हणजे अवघ्या पन्नासेक घन सेंटिमीटरांपायी वर्षाला तीनशे पौंडांहून अधिक कर. दुसरी नोंद वार्षिक तपासणीची. तपासणीचे शुल्क किरकोळ असते; मात्र तपासनीस गाडीखाली दिवा धरून जे दाखवतो, त्याच्या दुरुस्तीचे बिल किरकोळ नसते. मग विमा. वर्षाकाठी ठराविक मैलांपेक्षा अधिक चालवणार नाही असे लिहून दिले, तर जुन्या गाडीचा हप्ता बराच कमी बसतो. २०२१ च्या सप्टेंबरपासून तेथील नेहमीच्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळू लागले. ते अनेक जुन्या गाड्यांना मानवत नाही, म्हणून महागडे पेट्रोल. साठ हजार मैलांनी टायमिंग बेल्ट. टायर झिजले नाहीत, तरी वयोमानाने कडक होतात म्हणून बदलावे लागतात. शिवाय गॅरेजचे भाडे दरमहा.

ह्या खर्चाहून आम्हांला अधिक बोलकी वाटली ती पैशांत न मोडणारी कामे. कापडी छताची मागील खिडकी प्लॅस्टिकची असते. छत दुमडण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट निजवावी लागते. घाई केली की तिला कायमची घडी पडते. छतावरचे पाणी वाहून जाण्यासाठी आसनांच्या मागे दोन बारीक निचरा-नळ्या असतात. त्यांत शरद ऋतूतील पाने अडकली की पाणी तुंबते, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्यांत झिरपते आणि लोखंड आतून गंजू लागते. हिवाळ्यात तेथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. तेही लोखंडाचे वैरीच. म्हणून दर महिन्याला भाचा गुडघे टेकून, मऊ तारेने त्या नळ्या साफ करतो. घरी वसईला ह्याच मुलाने विहिरीवरच्या पंपाला कधी तेल घातल्याचे आम्हांला स्मरत नाही. एखादी वस्तू माणसाला लक्ष द्यावयास शिकवते, हे त्या दिवशी आम्ही पाहिले. बिघडले की टाकून द्यावे, अशा काळात तीस वर्षांहून जुनी वस्तू जिवंत ठेवण्यात एक प्रकारची कृतज्ञताही आहे.

तरीही प्रश्न उरतोच. ह्या गाडीची गरज काय? ऑफिसला जायला दुसरी गाडी आहे. सामान न्यावे तर हिच्यात जागा नाही. वेगासाठी म्हणावे, तर इंग्लंडच्या महामार्गावर ताशी ७० मैलांची मर्यादा कौटुंबिक गाडीही सहज गाठते. गरज हाच एकमेव निकष मानला, तर ही गाडी त्यात बसत नाही. परंतु त्या निकषावर आपल्या घरातील पेटी-व्हायोलिन, अंगणातील गुलाब आणि हातातील हे त्रैमासिकसुद्धा बसणार नाही. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात खेळ आणि विनोद ह्यांचा विचार सद्गुणांच्या प्रकरणात केला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे त्यांनी एक जुनी आख्यायिका सांगितली आहे. संत योहान शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काही लोक नाराज झाले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला एकामागून एक बाण सोडावयास सांगितले आणि विचारले, ‘असेच सतत करत राहिलास तर?’ तो म्हणाला, ‘धनुष्य मोडेल.’ माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानांनी दाखवून दिले. शरीराला जशी विश्रांती हवी, तसा मनाला खेळ हवा. खेळाचा अतिरेक हा दोष आहे. परंतु स्वतः कधीही न खेळणे आणि इतरांच्या खेळावर विरजण घालणे, हाही दोषच आहे, असा अक्वायनस ह्यांचा निर्वाळा आहे.

दुसरा आक्षेप दिखाव्याचा. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात, प्रसंग लहान असताना मोठा खर्च करून आपली श्रीमंती मिरवणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले आहे. असा माणूस साध्या मित्रभोजनाला लग्नाच्या पंगतीचा थाट करतो, असे तो म्हणतो. १८९९ साली अमेरिकन विचारवंत थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्याने, इतरांनी पाहावे म्हणून केलेल्या उधळपट्टीचे सविस्तर विवेचन केले. ह्या आक्षेपातून भाचा बहुतांशी सुटतो. त्याच्या जुन्या छोट्या गाडीकडे पाहून शेजारी हसतात, हेवा करत नाहीत. उलट हे विचार वाचताना आम्हांला आमच्याच गावातील लग्ने आठवली. मांडवापासून बँडपर्यंत ज्या खर्चासाठी आम्ही पतपेढीच्या पायऱ्या झिजवल्या, तो खर्च हौसेचा होता की शेजाऱ्याच्या नजरेचा? खरी हौस एकांतातही टिकते. कोणी पाहत नसताना गुडघे टेकून नळ्या साफ करणारा माणूस निदान स्वतःशी प्रामाणिक असतो.

तिसरा आक्षेप मात्र सहज सुटणारा नाही, आणि तो रकमेचा नाही. आपल्याकडील बैलगाडा शर्यतींचा वाद आठवावा. शर्यतीच्या बैलाला शेतकरी पोटच्या पोरासारखे दूध-अंडी चारतो. त्याच्या खुराकावर किती गेले, हे कोणी न्यायालयात विचारले नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने संबंधित कायदा वैध ठरवला. ह्या साऱ्या काळात वाद एकाच गोष्टीचा होता : मालकाच्या हौसेपायी बैलाला काय सोसावे लागते? लंडन शहरानेही वेगळ्या भाषेत हेच विचारले. ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडनमध्ये, धुराच्या ठराविक मानकात न बसणाऱ्या जुन्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. भाच्याच्या गाडीलाही ते लागू आहे. तो त्यावर चडफडतो. परंतु त्या साडेबारा पौंडांचा अर्थ एवढाच, की तुझ्या आनंदाचा धूर दुसऱ्याच्या छातीत जातो आणि ती नोंद तुझ्या वहीत नव्हती.

वहीत नसलेली आणखी एक नोंद आम्हांला त्याच्या घरातच सापडली. ह्या गाडीत आसने दोन. पहिल्या रविवारी भाचा आपल्या आईला फिरावयास घेऊन गेला. सत्तरी ओलांडलेली आमची बहीण डोक्याला रुमाल बांधून, मोकळ्या आकाशाखाली, हिरव्या कुरणांमधून दोन तास हिंडून आली आणि एखाद्या शाळकरी मुलीसारखी हसत उतरली. दुसऱ्या रविवारी आमचा क्रम लागला. खोटे कशाला बोलावे? आम्हांलाही तो वारा, ते वळण आणि गिअर बदलतानाचा तो छोटासा खटका फार आवडला. तिसऱ्या रविवारी मुलीने हट्ट धरला. चौथ्या रविवारी सकाळी सूनबाई रात्रपाळी करून परतली, तेव्हा आम्ही सहज म्हणालो, ‘आज तुझी पाळी.’ ती चहा ओतताना शांतपणे म्हणाली, ‘मामा, मला पैशांचं काही वाटत नाही. ते पै न् पै लिहून ठेवतात. पण त्या वहीत माझे रविवार कुठे आहेत?’

आम्ही निरुत्तर झालो. तिसऱ्या माणसाला जागा नसलेल्या त्या गाडीतून आम्ही एक रविवार आनंदाने फिरलो होतो, आणि तोही तिच्याच खात्यातून वजा झाला होता.

तेव्हापासून आमच्या मनात एक विचार स्थिरावला आहे. हौसेची नैतिकता तिच्या किमतीवर ठरत नाही. स्वस्त हौसही अन्यायाची असू शकते आणि महागडी हौसही निर्मळ असू शकते. आपल्या घामाचा पैसा माणसाने सौंदर्यावर, खेळावर, एखाद्या जुन्या यंत्राच्या शुश्रूषेवर खर्च केला, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्याने हिशेब पुरा मांडला पाहिजे. पैसा स्वतःचा असतो. वेळ, शांतता, हवा, घरातील माणसाची विश्रांती ह्या गोष्टी सामाईक असतात. त्यांतून उचल करताना आपण विचारत नाही, कारण त्यांची पावती कोणी मागत नाही. ‘हौसेला मोल नसते’ ही म्हण नेमकी ह्याच ठिकाणी आपल्याला फसवते. मोल असतेच. ते अनेकदा दुसराच चुकता करतो, आणि प्रेमापोटी चुकता करतो म्हणून बोलत नाही.

मग भाच्याने गाडी विकावी काय? तसे आम्ही त्याला सुचवले नाही. त्यागाचा सल्ला देणाऱ्याला काहीच सोडावे लागत नाही, म्हणून तो सल्ला देताना जपावे. आम्ही फक्त सूनबाईचा प्रश्न त्याच्या कानावर घातला. तो बराच वेळ गप्प राहिला. मागील वसंतात त्याचे पत्र आले. त्यात गाडीच्या प्रकृतीची नेहमीची माहिती होती आणि शेवटी दोन ओळी होत्या. विम्यात चालक म्हणून पत्नीचे नाव घातल्याने हप्ता वाढला आहे, आणि महिन्यातील दोन रविवार ती गाडी घेऊन एकटीच बाहेर पडते. त्या वेळी तो मुलीबरोबर घरी स्वयंपाक करतो आणि ती गिअर नीट टाकत असेल ना, ह्या काळजीने अर्धा होतो.

वाढलेल्या हप्त्याबद्दल त्याने थोडी कुरकुर केली आहे. आम्हांला मात्र त्या जाड वहीतील ती सर्वांत योग्य नोंद वाटते. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात अशी एखादी वही असते, लिहिलेली किंवा न लिहिलेली. ती अधूनमधून उघडावी, घरातील माणसांपुढे ठेवावी आणि तिच्यात काय लिहावयाचे राहून गेले, हे त्यांनाच विचारावे.