दार कोणी अडवलं?

आजचे वाचन : मार्क २:१-१२

कफर्णहूमला चौघांनी पक्षाघाती माणसाला छप्पर उघडून खाली सोडलं, कारण दारात गर्दी होती. गर्दी कोणाची? येशूचं वचन ऐकायला आलेल्यांची. म्हणजे आपलीच की.

आमच्या चर्चला रॅम्प झाला तेव्हा मला वाटलं, झालं काम. मग व्हीलचेअरवर येणाऱ्या एका दादांना विचारलं, "रविवारच्या मिस्साला पहिलं वाचन कराल?"

"करीन की. पण वेदीच्या तीन पायऱ्या?"

रॅम्प दारापर्यंतच होता. त्यांनी फक्त ऐकायला यायचं, असं आम्ही न बोलता ठरवून टाकलं होतं. मी घाईघाईत म्हटलं, "माईक खाली आणतो." ते म्हणाले, "चालेल."

ते "चालेल" मला अजून टोचतंय. तिथे एका माणसासाठी अख्खं छप्पर उसकटलं होतं.