कल्पना आणि संकल्प

सिल्वासाच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात साच्यांच्या विभागात काम करणारे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरी आमच्याकडे आले. बारावी झालेल्या मुलीची चित्रांची वही त्यांनी बरोबर आणली होती. वहीत देवदेवता नव्हत्या, निसर्गदृश्येही नव्हती. डोईवरून उतरवताना धरायला सोपी जाईल अशी हंड्याची मूठ, एका हाताने उघडणारा डबा, पावसाचे पाणी आत जाऊ न देणारी दप्तराची झडप, अशा वस्तूंची चित्रे होती. "हिला सुचते फार. पण सुचण्यावर पोट भरते का, तेवढे सांगा," असे ते म्हणाले. घरात पगार एकच, धाकटा भाऊ शाळेत, आणि फार्मसीच्या पदविकेचा अर्ज भरून तयार.

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. प्रश्न वरवर पाहता व्यवसायमार्गदर्शनाचा होता. परंतु त्याच्या तळाशी एक नैतिक प्रश्न होता. ज्याला काही सुचते, त्याच्यावर त्या सुचण्याचे काही ऋण असते काय? असल्यास ते फेडण्यासाठी घरच्यांनी किती झीज सोसावी?

विचार करता करता आमचे लक्ष दोन शब्दांकडे गेले. मराठीत कल्पना 'सुचते' आणि संकल्प 'करावा' लागतो. पहिलीत आपले कर्तृत्व फारसे नाही. ती आली तर येते. दुसऱ्यात आपण स्वतःला बांधून घेतो. आपल्या बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांनी डिझाइनला 'संकल्पचित्र' हा प्रतिशब्द दिला. नाशिकच्या संस्थेचे नावच मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना असे आहे. हा शब्द घडवणाऱ्यांच्या मनात काय होते ते असो, पण त्यात एक खोल अर्थ आला आहे. धरणाचे चित्र कल्पनाचित्र असून चालत नाही. त्याखाली गावे नांदायची असतात.

पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेऊन संकल्प करतो. त्यात तो स्थळ सांगतो, काळ सांगतो, स्वतःचे नाव-गोत्र सांगतो आणि मग पाणी सोडतो. सोडलेले पाणी पुन्हा हातात घेता येत नाही. ज्याला आपल्या सुचण्याचा व्यवसाय करायचा आहे, त्यालाही हेच तीन उच्चार करावे लागतात, असे आम्हांला वाटते.

पहिला उच्चार स्थळाचा. आपली कल्पना कोणत्या पदार्थात, कोणाच्या हातून उतरणार, हे ठाऊक असणे म्हणजे स्थळ ठाऊक असणे. आमच्या मसाट-पिपरियाच्या औद्योगिक वसाहतींचेच उदाहरण घेऊ. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरतात, ते थंड झाले की वस्तू बाहेर ढकलली जाते. वस्तूच्या भिंतींना किंचित ढाळ नसेल, तर ती साच्यात अडकते किंवा तिच्यावर ओरखडे उठतात. भिंत एके ठिकाणी जाड आणि दुसरीकडे पातळ असेल, तर जाड भाग सावकाश थंड होऊन अधिक आकसतो आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. कागदावरच्या रेषेला ही अडचण नसते. साचा मात्र पोलादात कोरलेला असतो आणि तेथे चूक दुरुस्त करणे महाग पडते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून एक अहवाल लिहिला. त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याला आदर्श रचनेचा मान दिला. तो डोक्यावर घेतात की कमरेवर, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, घासायला सोपा आहे का, किंमत किती, असे कितीतरी विचार एका भांड्यात मुरलेले त्यांना दिसले. त्याच अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. लोट्याचा कर्ता कोणी एक नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याला सुधारले. ज्याला एकट्याला काही सुचते, त्याने या हातांचे ऐकायला शिकावे, ही व्यवहाराची पहिली अट आहे.

दुसरा उच्चार काळाचा. त्याचे उदाहरण आमच्या अंगणातच आहे. दादरा व नगर हवेलीत वारली हा सर्वांत मोठा आदिवासी समाज. लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई, त्यात पालघट देवी बसे, आणि तो लिहिण्याचा मान सवासिणींचा असे. लग्नासाठी लिहिलेल्या त्या चौकाला किंमत नव्हती, कारण तो विकण्याची कोणाला कल्पनाच नव्हती. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांत आले. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांपर्यंत कागद नेणारेही तेच. त्यांनी वारली चित्राची एक रेघही बदलली नाही. बदलला तो आधार. भिंतीच्या जागी कागद आला, आणि चित्र घराबाहेर पडून प्रवास करू लागले. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नविधीची वाट न पाहता रोजचे जगणे रंगवायला घेतले. जगभर त्यांची प्रदर्शने झाली, २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले तेव्हा शेकडो वारली कुटुंबांच्या हाती एक व्यवसाय होता.

एका कल्पनेने इतक्यांची चूल पेटावी, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या हिशेबाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून तो पुरा होत नाही. जो चौक सवासिणींचा होता, त्याचा कागद झाल्यावर प्रथम नावारूपाला आले ते पुरुष. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नाही. आज स्त्रियाही रंगवतात. तरीही आपली कल्पना काळाला जुळवून घेताना त्या मांडणीतून कोण बाहेर पडते आहे, हे विचारण्याची जबाबदारी कल्पकावरच येते. पोट भरले म्हणून हा प्रश्न मिटत नाही.

तिसरा उच्चार नावाचा. भिंतीवरच्या चौकाखाली सही नसे. मग आजच्या कल्पकाने नावाचा आग्रह धरावा तो का, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की पाड्यावर सहीची गरज नव्हती, कारण चौक कोणी लिहिला हे सर्वांना ठाऊक असे. बाजारातली निनावी अवस्था वेगळी. तेथे चादरींवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली आकृत्या नाचतात आणि पुष्कळदा त्यांना वारली हात लागलेलाच नसतो. २०१४ मध्ये या चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने समाजाचे नाव राखण्याचा एक मार्ग झाला. व्यक्तीसाठी वेगळे कायदे आहेत आणि त्यांची कलमे कल्पकाने वाचलेली बरी. कॉपीराइट नुसत्या कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या साकार रूपाला देतो. उद्योगात वापरायचा आकार २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदवला, तर दहा वर्षे आणि मुदत वाढवून आणखी पाच वर्षे तो आपला राहतो. नोंदवण्याजोगा आकार न नोंदवता, आपण किंवा आपल्या परवानगीने कोणी त्याच्या पन्नासहून अधिक प्रती यंत्राने काढल्या, की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यावरचा कॉपीराइट संपतो. आणि नोकरीत असताना केलेले काम, उलट करार नसेल तर, सामान्यतः मालकाचे ठरते. नाव सांगणे म्हणजे केवळ श्रेय मागणे नव्हे. वस्तू फसली, मूठ तुटून कोणाच्या पायावर हंडा पडला, तर "ही माझी" असे म्हणायलाही नावच लागते.

आता ऋणाचा प्रश्न. सुचण्याचे ऋण असते असे आम्ही मानतो. पण ते फेडण्याचा संकल्प दुसऱ्याने करून चालत नाही. बापाने मुलीसाठी तो करू नये, आणि आम्ही तर नाहीच नाही. दुसऱ्याच्या एका पगारावर धाडसाचा उपदेश करणे फार सोपे असते. आपल्याकडे यजमान संकल्प करतो तेव्हा पत्नी त्याच्या हाताला हात लावते. घरच्यांचा वाटा तेवढाच आणि तेवढा महत्त्वाचा.

पुढच्या खेपेस वडील मुलीला घेऊन आले, तेव्हा आम्ही हे जमेल तसे सांगितले. वापीहून उत्तरेची गाडी अहमदाबादला जाते, दक्षिणेची मुंबईला. दोन्हीकडे या विद्येच्या नामांकित संस्था आहेत. मुंबईच्या आयआयटीकडून २०१५ पासून पदवीसाठी प्रवेशपरीक्षाही घेतली जाते. मात्र तेथे जागा थोड्या आणि खर्च मोठा, हेही लपवले नाही. फार्मसीचा अर्ज फाडू नये, पण वर्षभरात वहीतली एक वस्तू, एकच, पुठ्ठ्यात नाहीतर मातीत घडवून शेजारणींच्या हाती द्यावी आणि त्या काय म्हणतात ते लिहून ठेवावे, एवढे सुचवले. त्या वर्षात तिला स्वतःलाच कळेल, की तिला नुसते सुचते आहे की करायचेही आहे.

वडील वही चाळत होते. डब्याच्या पानावर त्यांचे बोट थांबले. "ही खाच साच्यातून सुटायची नाही," ते म्हणाले. मुलीने वही स्वतःकडे ओढली, खिशातली पेन्सिल काढली आणि विचारले, "मग ढाळ कोणत्या बाजूने द्यायचा, बाबा?"