सहा वर्षांखालील नागरिक आणि गावाचा कारभार

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा ती सक्ती अमलात आणण्याचा अधिकार त्यांनी नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याच हाती ठेवला होता. लोकांची मागणी नाही आणि खजिन्यात पैसा नाही, अशा सबबींवर ते विधेयक पुढच्या वर्षी नामंजूर झाले. परंतु त्यातील तत्त्व टिकून राहिले. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात शिक्षण मोफत व सक्तीचे केले, 1918 साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला, आणि 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा खेड्यातील शाळा ही जिल्हा परिषदेची शाळा म्हणूनच सर्वतोमुखी झाली. या वाटचालीत एक गोष्ट लोकांच्या मनात पक्की रुजली: शाळा ही गावाची जबाबदारी आहे, आणि तिचे छप्पर गळू लागले तर गावाने कोणाला तरी जाब विचारायचा असतो. सहा वर्षांखालील मूल मात्र या व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहिले.

ते उंबरठ्याबाहेर आहे, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत ताराबाई मोडक अग्रगण्य होत. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाईंनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत भाग घेतला. परंतु मॉंटेसोरी पद्धतीची महागडी साधने आणि शहरातील सुस्थित घरांची मुले एवढ्यावर त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. 1945 च्या डिसेंबरात त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सामील झाल्या. बालवाडी उघडली, तरी ज्यांच्यासाठी ती उघडली त्या हरिजन आणि आदिवासी वस्त्यांतील मुले यायला तयार होईनात, तेव्हा या दोघींनी मुलांना दोष न देता बालवाडीच उचलून वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात, झाडाच्या सावलीत, आधी मुलांना आंघोळ घालावी, नखे कापावी, केस विंचरावे, आणि मग शिंपले, गारगोट्या, बिया, पाने असे जे आसपास पडलेले असेल त्यातूनच मोजणी, रंग आणि आकार शिकवावे, असा हा उपक्रम होता. अंगणवाडी ती हीच. पुढे 1957 साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी विकासवाडी उभी राहिली.

त्याच 1945 साली इटलीमध्ये, रेज्जो एमिलिया शहरानजीकच्या व्हिला चेल्ला या खेड्यात, युद्धाच्या राखेतून दुसरा एक प्रयोग आकार घेत होता. पळून गेलेल्या जर्मन फौजेने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून ग्रामस्थांनी पैसा उभा केला, पडक्या घरांच्या विटा वेचल्या आणि स्वतःच्या हातांनी बालशाळा बांधली. लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक ती पाहायला सायकलवरून गेला आणि जन्मभर त्या कामाचा झाला. परंतु या हकिगतीचा उत्तरार्ध आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. 1963 साली रेज्जोच्या नगरपालिकेने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी स्वतःची पहिली बालशाळा उघडली, हळूहळू लोकांच्या शाळाही आपल्या कारभारात घेतल्या, आणि 1970 च्या दशकात तिने तान्ह्या मुलांची संगोपनकेंद्रेही चालवावयास आरंभ केला. इटलीच्या मध्यवर्ती सरकारचा बालशाळांचा कायदा झाला तो 1968 साली. म्हणजे नगरपालिका राज्याच्या पुढे चालत होती. तेथील बालशाळा ही रस्त्याप्रमाणे, पाणीपुरवठ्याप्रमाणे नगराची स्वतःची संस्था ठरली आणि पालक तिच्या व्यवस्थेत भागीदार झाले.

आपल्याकडे विचार खेड्यातून निघाला तो दिल्लीस गेला, आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या रूपाने 33 प्रकल्पांतून देशात परतला. या योजनेचे ऋण मान्य केलेच पाहिजे: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषणशिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा अंगणवाडीच्या एका छपराखाली आणण्याची कल्पना थोर होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली मागणीनुसार अंगणवाडीचा हुकूम दिल्यावर लाखो वाड्यावस्त्यांना तिचा लाभ मिळाला. परंतु वर्षानुवर्षे चालणारी ही व्यवस्था आजही योजनाच आहे. ग्रामीण प्रकल्प नावापुरता जिल्हा परिषदेच्या दिमतीस असला, तरी निकष, निधी आणि नमुने वरून येतात. सेविका एका हाताने बाळाला वजनकाट्यावर धरते, दुसऱ्या हाताने मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर नोंद करते, मदतनीस आत खिचडी शिजवते, आणि गाणी-गोष्टींसाठी राखलेला वेळ दप्तराच्या पूर्ततेत सरतो. 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील सेविका संपावर गेल्या आणि तो संप पुढच्या जानेवारीपर्यंत लांबला, तेव्हा त्यांचा लढा राज्य सरकारशी होता. गाव त्या लढ्यात पक्षकार नव्हते आणि बंद दारावरचे टाळे पाहूनही गावाला आपल्याच घरचे काही बंद पडल्यासारखे वाटले नाही. दुखणे येथे आहे.

कायद्याने तर वाट मोकळी केलेली आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या 29 विषयांत पंचविसावा विषय महिला व बालविकास हा आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत मात्र त्याला स्वतंत्र स्थानच नाही, आणि भाड्याच्या एका खोलीत भरणाऱ्या शहरी अंगणवाड्या त्या उणिवेची रोज साक्ष देतात. 2002 च्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याखालच्या बालकासाठी राज्य प्रयत्नशील राहील, एवढ्यावरच अनुच्छेद 45 थांबला. या परिस्थितीत महाराष्ट्रातील एक तरतूद फार मोलाची ठरते: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दशांश महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. ही रक्कम लहान गावात थोडी असेल. तरीही नळजोडणी, पंखा, स्वच्छतागृहाचे दार आणि मुलांच्या हाती पडतील अशी चित्रांची पुस्तके यांना ती पुरते. मार्च महिना जवळ आल्यावर घाईघाईने साहित्यखरेदी करून ती जमाखर्चात मिटवून टाकली, तर मात्र दशांश खर्च होतो आणि बालक तेथेच राहते.

कुटुंबाला आधार देण्याचा अर्थ याहून कठीण ठिकाणी उलगडतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतील. नवरा-बायकोचा एक कोयता पहाटे फडात उतरतो आणि तान्हे मूल उसाच्या पाचटावर निजते, किंवा सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर कोपीत राहते. मुलाचे नाव गावाच्या पटावर असते आणि मूल कारखान्याच्या हद्दीत. अशा मुलाची नोंद घेणे, फडानजीक हंगामापुरते पाळणाघर चालवणे आणि हंगाम संपल्यावर ते मूल पुन्हा गावच्या अंगणवाडीत आले की नाही हे पाहणे, हे दोन्ही टोकांच्या ग्रामपंचायतींनी आणि कारखान्याने मिळूनच करण्याजोगे काम आहे; मुंबईच्या कचेरीतून ते मूल दिसणे शक्य नाही.

पंचायतींना हे झेपेल काय, तेथे राजकारण शिरणार नाही काय, असे विचारले जाते, आणि शंका अनाठायी नाही. म्हणूनच वेतन, प्रशिक्षण आणि आहाराचा निधी यांची हमी राज्याने व केंद्राने घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली सेविकांना उपदानाचा अधिकार मान्य केला, त्याच न्यायाने त्यांना नियमित सेवेचा दर्जा द्यावा. परंतु जागा, पाणी, वेळा, पाळणाघर आणि देखरेख यांचा मुखत्यार गावच असावा आणि त्याचा हिशेब गावापुढेच मांडला जावा. लोकांची मागणी नाही हे गोखल्यांना दिलेले उत्तर शंभर वर्षांनंतर आपण आपल्या लेकरांना देऊ नये. ती मागणी आपणच करावयाची आहे. येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून महिला व बालकल्याणाचा दशांश किती जमला, कशावर खर्च झाला आणि अंगणवाडीला काय मिळाले, हे तीन प्रश्न वाचकाने सरपंचांना विचारावेत. आणि शहरातल्या वाचकाने अर्थसंकल्पापूर्वी आपल्या नगरसेवकाकडून अशाच प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.